टेंभेकरसाहेबांचा ‘ब्लडी’

टेंभेकरसाहेब मला पहिल्यांदा दिसले ते एका नटावर ओरडताना. यंत्राचा लोखंडी नट तो, तव्याएवढा, आणि काही केल्या फिरत नव्हता. “कम ऑन, यू ब्ल…” एवढं म्हणून त्यांनी मान वर केली, समोर मी दिसले, आणि अर्धा बाहेर पडलेला शब्द त्यांनी जागच्या जागी वळवला. “ब्लँकेट!” ते गरजले. “कम ऑन, यू ब्लँकेट!” मागे उभे असलेले फिटर तोंड फिरवून हसले. मला हसू आलं नाही. मला त्या क्षणी पुण्याला परत जायचं होतं.

भोपाळच्या त्या सरकारी कारखान्यात मी शिकाऊ इंजिनियर म्हणून नुकतीच लागले होते. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्या विभागात, बाई म्हणून मी एकटीच. कॉलेजात वजन म्हणजे कागदावरचा आकडा असायचा. इथं ते डोक्यावर लटकत असे. छताखालच्या रुळांवरून क्रेन सरकायची आणि तिच्या आकड्याला टांगलेलं लोखंड इतकं सावकाश, इतकं निवांत पुढं जायचं की बघणाऱ्यानं आपोआप दोन पावलं मागं सरावं. मला त्या लोखंडाची भीती वाटे आणि त्याहून जास्त टेंभेकरसाहेबांच्या आवाजाची. ते शॉपचे फोरमन होते. अंगानं काटकुळे, पण घसा असा की मशीनच्या खडखडाटातून तो वरच्या केबिनमधल्या क्रेनवाल्यापर्यंत पोचे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “काय गं पोरी, भीती वाटून राहिली का?”

“नाही साहेब,” मी म्हणाले.

“मग जा घरी. ज्याला वाटत नाही, तो इथं लवकर मरते.”

साहेब मूळचे अमरावतीचे. कारखाना उभा राहत होता तेव्हा एका इंग्रज कंपनीची माणसं मदतीला आली होती, आणि इकडची काही तरुण मंडळी शिकायला तिकडं धाडली होती. त्यांत साहेब होते. तिथल्या एका म्हाताऱ्या मुकादमानं त्यांना लोखंड कसं उचलावं ते शिकवलं, आणि लोखंड उचलताना तोंडानं काय म्हणावं तेही. ‘ब्लडी’, ‘डॅम’, ‘ब्लास्ट’, ‘बगर’. साहेब हे शब्द स्वच्छ धुतलेल्या भांड्यांसारखे जपून घेऊन आले होते आणि कुठला कुठं चालतो याचं त्यांना पक्कं ज्ञान होतं.

“‘ब्लास्ट’ तर पाळण्यातल्या पोरासमोरही चालते,” ते मला समजावत. “‘डॅम’ म्हणताना जवळपास पाद्री नाही ना, एवढं पाहायचं. ‘बगर’ बाईमाणसासमोर नाही. आणि ‘ब्लडी’ कारखान्यात चालते, जेवणाच्या टेबलावर नाही चालत.” हे शेवटचं ते अनुभवानं शिकले होते. एका सकाळी तिकडच्या घरमालकीणबाईला त्यांनी कौतुकानं सांगितलं की आज ‘ब्लडी कोल्ड’ आहे. बाईनं एक अक्षर न बोलता त्यांच्या पुढ्यातली अंड्यांची बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली. “मी आपला काटा हातात घेऊन बसलो ना! मला कळेचना काय झालं. तो शब्द तर तिकडं कारखान्यात श्वास घेतल्यासारखा घेत होते सारे.”

माझी भाची हल्ली इंग्लंडात असते, एका इस्पितळात काम करते. परवा फोनवर मी तिला सहज विचारलं, की हे शब्द आता तिकडं कितपत वाईट धरतात. ती हसायलाच लागली. “मावशी, ‘ब्लडी’ आता कुणाला लागत नाही गं. टीव्हीवर दिवसाढवळ्या चालतो. आमच्याकडच्या आजीबाई चहा सांडला तरी म्हणतात. ‘बगर’ला जुनी माणसं थोडं नाक मुरडतात, एवढंच. आता लोकांना लागतात ते शब्द वेगळे. कुणाच्या रंगावरून, धर्मावरून, अपंगपणावरून बोललेले. त्यावरून नोकऱ्या जातात.” मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. ज्या शब्दावर ती हसली, त्याच शब्दापायी भोपाळमध्ये एका माणसाच्या घराला लोकांनी वेढा घातला होता आणि आत मीही होते, हे मी तिला सांगितलं नाही.

साहेब शिवराळ होते असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. मराठीत किंवा हिंदीत त्यांनी कधी वावगा शब्द उच्चारला नाही. आमच्या शॉपमध्ये आयाबहिणींचा उद्धार नमस्कार केल्यासारखा चाले; दोन जिवलग मित्र सकाळी भेटले की एकमेकांना असं काही म्हणत की मी कान लाल होऊन ड्रॉइंगमध्ये डोकं खुपसत असे. साहेबांना ते खपत नसे. “शिवी कोणती? जी समोरच्याले लागते ती,” ते म्हणत. “माझा शब्द म्हणजे कुकरची शिट्टी. वाफ निघाली, संपलं.”

घरी तर हा माणूस भित्राच होता. रविवारी काकू, म्हणजे त्यांची बायको, मला हॉस्टेलवरून जेवायला बोलवत. गॅस बंद केलाय ना, हे साहेब पुन्हा पुन्हा उठून पाहत. क्वार्टरच्या मागं पेरूचं झाड होतं, शेजारची पोरं त्यावर चढली की हे खाली हात पसरून उभे राहत आणि “डॅम! ब्लास्ट! उतर खाली!” असा गजर करत. काकूंना स्कूटरवर मागं बसवून टी. टी. नगरच्या बाजारात निघाले, तर सायकलवाले त्यांना ओलांडून पुढं जात. काकू एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, “ह्यांचा आवाज रागानं चढत नाही बरं का. घाबरले की चढतो. लग्न झाल्यावर हे कळायला मला फार वेळ लागला.”

मला ते त्या सकाळी कळलं.

बिडाचं एक मोठं केसिंग, म्हणजे यंत्राचं बाहेरचं जड कवच, क्रेननं उचलून खाली ठेवायचं होतं. हरप्रसाद आमचा खलासी. वजनाला तारेचे दोर बांधायचे आणि क्रेनवाल्याला हातानं इशारे द्यायचे, हे त्याचं काम. तरणाबांड, कामात चोख, जिभेनं तिखट. केसिंग जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर आलं, तेव्हा खाली मांडलेला लाकडी ठोकळा तिरका झालेला त्याला दिसला. तो वाकला आणि हात घालून ठोकळा सरळ करू लागला. खांदा, मान, डोकं, सगळं त्या लोखंडाखाली.

मी साहेबांच्या शेजारी उभी होते. मला एक बारीक आवाज आला, सतारीची तार तुटावी तसा. साहेबांनाही आला असावा, कारण मी वर बघेपर्यंत ते ओरडले होते.

“यू ब्लडी फूल! गेट आउट! गेट आउट, ब्लडी फूल!”

तसा आवाज मी त्याआधी किंवा त्यानंतर माणसाच्या गळ्यातून ऐकलेला नाही. लांबच्या लेथवाल्यांनी मशिनं थांबवली. हरप्रसाद चाबूक बसल्यासारखा मागं उसळला आणि पाठीवर आपटला. त्याच क्षणी दोर तुटला. केसिंग खाली आलं तेव्हा जमिनीचा हादरा माझ्या दातांपर्यंत पोचला. ठोकळ्याच्या काड्या झाल्या होत्या.

हरप्रसाद उठला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं त्या काड्यांकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेब जमिनीवर बसले होते, दोन्ही कानांवर हात ठेवून. मला वाटलं, आता हा त्यांचे पाय धरील. तो जवळ आला आणि सगळ्यांच्या देखत, हळू आवाजात म्हणाला, “गाली काहे दी, साहब?”

मग हरप्रसाद डोक्याचं फडकं सोडून निघून गेला.

दुपारी कँटीनमध्ये पोचेपर्यंत त्या शब्दाचं भाषांतर झालं होतं. ब्लडी म्हणजे खून. साहब ने हरप्रसाद के खून को गाली दी. चहाच्या दुसऱ्या फेरीला ते झालं, खानदान का खून गंदा बोला. पाळी सुटताना ऐकलं ते हरप्रसादच्या आईवर गेलं होतं. युनियनच्या निवडणुका तोंडावर होत्या आणि तिवारीजी नावाचे पुढारी कधीपासून काहीतरी शोधतच होते. त्यांना ते मिळालं; हरप्रसादची तक्रार त्यांनीच लिहून घेतली.

संध्याकाळी मी काकूंकडे गेले. साहेब घरी आल्यापासून जेवलेले नव्हते. आम्ही बोलत होतो तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला गलका ऐकू आला. काकूंनी खिडकी लावून घेतली. मग घोषणा अगदी फाटकाशी आल्या. “टेंभेकर, माफी माँगो! गोरों का चमचा, बाहर निकलो!” व्हरांड्याच्या पत्र्यावर पहिला दगड पडला तेव्हा मी काकूंचा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातावर वळ होते. शेजारच्या घरांतले दिवे एकेक करून मालवले. ज्या लोकांकडे आम्ही दिवाळीचा फराळ पोचवला होता, त्यांनी दिवे मालवले.

“मी जातो बाहेर,” साहेब म्हणाले. “आपले पोट्टे आहेत ते. रोज पाहतो त्यांना.”

“पाऊल उचलायचं नाही,” काकू म्हणाल्या आणि कडीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

साहेब खाटेवर बसून राहिले. कारखान्याच्या सुरक्षारक्षकांची जीप आली, घोषणा लांब गेल्या, तरी आम्ही तिघं बराच वेळ तशीच होतो.

त्यानंतरचे दिवस मी भीतीतच काढले. चौकशी बसणार होती आणि ऑफिसातल्या माणसांपैकी तो शब्द जवळून ऐकलेली साक्षीदार मी होते. सायकल स्टँडवर माझ्या सायकलची हवा सोडलेली असे. हॉस्टेलच्या वाटेवर एक स्कूटर माझ्या मागं मागं येई, पुढं जात नसे. एकदा ती अगदी शेजारी आली आणि चालवणारा म्हणाला, “मैडम, सच बोलना.” तो धमकावत होता की विनवत होता, हे मला आजही सांगता येणार नाही. बाबांचा फोन आला, राजीनामा दे आणि ये निघून. मी येते म्हणाले आणि गेले नाही. का गेले नाही? काकूंना त्या घरात एकटं टाकून जायला धीर होईना, एवढंच.

कार्मिक विभागाच्या सक्सेनासाहेबांनी टेंभेकरसाहेबांना आपल्या केबिनमध्ये बोलावून घेतलं. साक्षीदार म्हणून मीही होते. सक्सेना गोड आवाजात म्हणाले, “देखिए, आप कहिए कि आपने ‘बडी’ कहा था. बडी, मतलब दोस्त. अंग्रेजी में चलता है. मशीनों के शोर में सुनने में फर्क पड़ गया. बात खत्म.”

“मैंने ब्लडी कहा था,” साहेब म्हणाले.

“अरे भाई, आपकी नौकरी…”

“पूरे शॉप ने सुना है, सर. सब झूठे और मैं सच्चा?”

चौकशी कचेरीच्या मोठ्या खोलीत झाली. लांब टेबल, चौकशी अधिकारी, तिवारीजी, सक्सेना, भिंतीशी उभे असलेले कामगार. मला विचारण्यात आलं, आपण काय ऐकलं ते सांगा. मी म्हणाले, त्यांनी इंग्रजीत हटायला सांगितलं. “जो सुना, वही शब्द बोलिए, मैडम.” इतक्या पुरुषांसमोर तो शब्द उच्चारायचा होता. पण मी तो म्हणाले. स्पष्ट म्हणाले.

“आपकी राय में यह शब्द कितना खराब है?”

“मालूम नहीं, सर. हमारे घर में कोई नहीं बोलता. लेकिन उस दिन साहब नहीं चिल्लाते तो हरप्रसाद यहाँ बैठा नहीं होता.”

“तो जान बचाने के लिए इज्जत लेना जरूरी है?” तिवारीजींनी विचारलं.

मग डिक्शनऱ्या आल्या. एकीत लिहिलं होतं की शब्द असभ्य आहे. दुसरीत लिहिलं होतं की तो नुसता जोर देण्यासाठी वापरतात. अर्धा दिवस ती मोठी माणसं त्या दोन पुस्तकांवरून भांडली. दोर का तुटला, किती जुना होता, हे एकानंही विचारलं नाही. सगळी चौकशी शब्दाची झाली.

शेवटी हरप्रसादला उभं केलं. त्यानं तिवारीजींकडे बघितलं नाही. “हुजूर, मेरे दोस्त मुझे इससे बुरी गाली देते हैं,” तो म्हणाला. “मैं भी देता हूँ. हिसाब बराबर. साहब ने दी, तो मैं पलटकर दे सकता हूँ क्या?”

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांचा खालचा ओठ हलत होता. बाहेर आल्यावर व्हरांड्यात ते मला म्हणाले, “शिट्टी म्हणत होतो ना मी? त्याले लागली ती. मला कधी दिसलंच नाही पोरी, की ते लोक खाली उभे राहून ऐकतात.”

त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, हरप्रसादच्या घरी जायचं. सक्सेनांनी मनाई केली होती. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तू सोबत जा गं. बाईमाणूस असलं की हात उचलायच्या आधी लोक विचार करतात.” मला नाही म्हणायचं होतं. म्हणता आलं नाही.

ऊन कलत असताना आम्ही हबीबगंजच्या बाजूला, रुळांच्या पलीकडच्या वस्तीत शिरलो. झाडाखाली पत्ते खेळत बसलेली माणसं आम्हाला पाहून उठली. ती नुसती मागून चालू लागली. मला त्यांच्या चपलांचे आवाज ऐकू येत होते आणि ते वाढत होते. साहेब माझ्याकडे न बघता पुटपुटले, “मागं वळू नको. चालत राहा.”

हरप्रसादची आई दारात तांदूळ निवडत बसली होती. एवढीशी बाई, पण नजर अशी की साहेब तिच्यासमोर आपोआप वाकले. हरप्रसाद आतून आला आणि चौकटीला टेकून उभा राहिला. बस म्हणाला नाही. तिनंच सूप बाजूला ठेवलं, खाटेकडे बोट केलं आणि विचारलं, “का कही थी तुमने हमारे मोड़ा से?” मोड़ा म्हणजे पोरगा.

साहेबांनी तो शब्द सांगितला.

“मतलब?”

“मतलब कुछ नहीं, अम्मा. जब बहुत डर लगता है, तब मेरे मुँह से निकलता है.”

“तुम काहे डरे? दबता तो जे.” तिनं हरप्रसादकडे बोट दाखवलं.

तेव्हा साहेबांनी एक गोष्ट सांगितली. ती मी कधी ऐकली नव्हती. काकूंनाही ती ठाऊक नव्हती, हे मला मागाहून कळलं. साहेब विलायतेहून नुकतेच परतले होते तेव्हाची. गोरे साहेब कामगारांवर कसे खेकसतात ते त्यांनी पाहिलं होतं आणि आपण असं कधी वागायचं नाही, हे मनाशी ठरवलं होतं. बाबूलाल नावाचा एक खलासी एकदा असाच लटकत्या वजनाखाली गेला. साहेबांना वर दोर घसरताना दिसला. ते म्हणाले, “भाई साहब, जरा हट जाइए.” एवढ्या अदबीनं आपल्याला कोण बोलावतंय, हे बघायला बाबूलाल थांबला आणि मागं वळला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

“फिर वो नहीं हटा, अम्मा,” साहेब म्हणाले. “तब से मैं चिल्लाता हूँ.”

म्हातारीनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मग तिनं विचारलं, “ऊकी मताई हती?” त्याला आई होती का?

“थी.”

“का बोली वो?”

“मैं गया नहीं. हिम्मत नहीं हुई.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. “गाली तो गाली है, साहब,” ती म्हणाली. “मोड़ा को बुरी लगी. हमें भी लगी. पर बुरा मानने को मोड़ा घर में तो है.” आणि हरप्रसादकडे वळून म्हणाली, “खड़ा का है? पानी ला.”

त्यानं पाणी आणलं. साहेबांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला तरी अर्धं पाणी शर्टावर सांडलं. आम्ही निघालो तेव्हा हरप्रसाद रस्त्यापर्यंत सोबत आला. त्या माणसांना तो फक्त एवढंच म्हणाला, “जाने दो.”

चौकशीचा निकाल या भेटीनं बदलला नाही. हरप्रसादनं तक्रार मागं घेतली, पण गोष्ट तिवारीजींच्या हातात गेलेली होती आणि कारखान्यालाही ती मिटवायची घाई होती. साहेबांना लेखी ताकीद मिळाली आणि शॉपमधून काढून नव्या पोरांना शिकवण्याच्या शाळेत बसवण्यात आलं. जायच्या दिवशी त्यांनी आणि हरप्रसादनं मिळून शॉपमधले सगळे जुने दोर ओढत भंगारात नेऊन टाकले. कुणाची परवानगी घेतली नव्हती. कुणी अडवलंही नाही.

शाळेत त्यांना एकच ध्यास लागला. एखादा माणूस वजनाखाली असेल तर ओरडायचं काय? नाव घेतलं तर तो वळून बघतो. आर्जवानं बोललं तरी बघतो. शिवी दिली तर उडी मारतो, पण मग घरी जाऊन झोपत नाही. शेवटी त्यांनी ‘भाग!’ हा शब्द धरला. दुपारी मोकळ्या मैदानात ते पोरांना रांगेनं उभं करून ओरडायला लावत. कोवळ्या आवाजाची पोरं लाजत, हसत, आणि साहेब रडकुंडीला येऊन म्हणत, “अरे, जीव जाऊन राहिला त्याचा! हसता काय?” एखाद्यानं खरंच बेंबीच्या देठापासून आरोळी दिली की त्यांच्या अंगावर काटा येई. मी तो पाहिलाय.

निवृत्त होऊन ते अमरावतीला गेले आणि काही हिवाळ्यांनंतर तिकडंच वारले. पण माझी त्यांची शेवटची भेट भोपाळची, क्वार्टर सोडण्याच्या आदल्या दिवसाची. काकू आत भांडी गुंडाळत होत्या. साहेब पेटीवर बसले होते. बसल्या बसल्या ते म्हणाले, “मी जाऊन आलो बाबूलालच्या गावी. इटारसीच्या पुढं आहे. हिलाही नेलं होतं.”

“आई होती?”

“आहे. दिसत नाही तिले आता. तिच्या पायाशी बसलो. म्हटलं, अम्मा, मी तिथं होतो. शेवटचं मीच बोललो त्याच्याशी. तिनं विचारलं, काय बोललास? मी सांगितलं, ‘भाई साहब, जरा हट जाइए.’ पुढचं सांगणार, तर तिनं माझा हात धरला. म्हणे, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. तिनं सुनेला हाक मारली, शेजारणीला हाक मारली. ‘सुनो, सुनो, साहब ने मेरे बाबू को भाई साहब कहा था.’ साऱ्या आळीला सांगून राहिली ती. तिच्या पोराला जन्मात कोणी भाई साहब म्हटलं नव्हतं गं. हसत होती ती बाई. मला गूळ दिला हातावर.”

ते थांबले. आतला भांड्यांचा आवाजही थांबला होता.

“मग पुढचं?” मी विचारलं. “त्याच शब्दापायी तो थांबला, ते सांगितलं का तुम्ही?”

साहेबांनी मान हलवली.

“नाही. भीती वाटली.”